रेषा कोणाच्या दारात

लिंडेझेले, १४ नोव्हेंबर

रोझीन,

'प्रिय' लिहावं की नको यात माझा पाव तास गेला. मग म्हटलं, जाऊ दे. बाबांना पुरून आलो त्या दिवसापासून अकरा वर्षं आपण एकमेकींशी बोललेलो नाही. तुझं कॅफे माझ्या दारापासून चालत दहा मिनिटांवर, तरी हे पत्र मी तिकीट लावून पेटीत टाकणार आहे. पोस्टमन हसेल. हसू दे.

बातमी तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावी म्हणून लिहितेय. खरं तर ती ऐकताना तुझं तोंड कसं होतं ते बघायचं होतं, पण तेवढं माझं नशीब कुठलं. सायकल महासंघाच्या तपासनीस बाई काल येऊन गेल्या. इल्झ कॉपेन्स त्यांचं नाव. हातात मोजायचं चाक, डोक्यावर हेल्मेट, चालत असतानासुद्धा. त्यांनी तुझ्या 'तीन घोडे' कॅफेच्या दारातली शर्यतीची अंतिम रेषा मोजली. चर्चच्या वळणापासून ती जेमतेम नव्वद मीटरवर भरली. नवे नियम सुरक्षेचे आहेत, त्यांना निदान दुप्पट सरळ रस्ता हवा. शिवाय तुझ्या दगडी पायऱ्या रस्त्यात आलेल्या, गर्दी अडवायच्या लोखंडी कठड्यांचे पाय बाहेर आलेले. बाईंनी वहीत तीन फुल्या मारल्या. मी मोजल्या.

तर एकेचाळीस वर्षांनी रेषा तुझ्या दारातून उठली. आणि येणार कुठे? पवनचक्की रस्त्यावर. माझ्या दारात. साडेतीनशे मीटर सरळ, रुंद, कोरं डांबर.

महासंघाला कोणी कळवलं, हे ओमेर सगळ्यांना विचारत फिरतोय. शर्यतीच्या मंडळाचा अध्यक्ष झाल्यापासून त्याचं खाटकाच्या दुकानात लक्षच नसतं. काल मला म्हणाला, "आर्लेट, त्या पत्रात रोझीनच्या पायऱ्यांची उंची सेंटीमीटरमध्ये लिहिली होती म्हणे. इतक्या जवळ टेप घेऊन कोण वाकलं असेल?"

"असेल तिचं एखादं गिऱ्हाईक," मी म्हटलं. "तिथून बाहेर पडताना सगळेच वाकलेले असतात."

तो हसला नाही. माझ्याकडे बघत राहिला. बघू दे.

वर्षातला एक रविवार अख्खा देश टीव्हीवर तुझं दार बघतो. जिंकणारा तुझ्या हातची बिअर पितो, तुझ्या खांद्यावर हात टाकतो, आणि तुझ्या भिंतीवर आणखी एक फोटो चढतो. तेव्हा मी कुठे असते? कब्रस्तानापाशी, रस्त्याच्या मधल्या दुभाजकासमोर, पिवळा झेंडा आणि शिटी घेऊन. दीडशे सायकली अंगावर येतात, मी झेंडा हलवते, शिटी फुंकते, आणि झुंड पाण्यासारखी दोन्ही बाजूंनी निघून जाते. पुढे दोन किलोमीटरवर कोण जिंकलं, ते मला रेडिओवर कळतं. एकेचाळीस वर्षांत मी एकही शेवट डोळ्यांनी पाहिलेला नाही. आणि माझ्या दुभाजकावर एकेचाळीस वर्षांत एकही जण पडलेला नाही. पण जे पडले नाहीत त्यांचा फोटो कोण काढणार?

बाबांनी कॅफे तुला दिलं आणि मला विल्फ्रीडच्या बटाट्यांच्या शेतात दिलं. रेषाही तुझ्याच दारात ओढली, कारण तू लाडकी. दुसरं काही कारण नव्हतं.

आर्लेट

लिंडेझेले, २२ जानेवारी

रोझीन,

दोन महिन्यांनी तुझं कार्ड आलं. त्यावर एक शब्द. 'अभिनंदन.' मी ते उलटं करून पाहिलं, खिडकीशी धरून पाहिलं. पुढे काहीच नाही. नाकाला मिरच्या झोंबल्यात आणि वर हा मोठेपणा! हेच मला तुझं कधी सहन झालं नाही. लहानपणी तुझी बाहुली मी फोडली तेव्हाही तू आईला सांगितलं नाहीस, आणि सगळ्या घराने तुलाच जवळ घेतलं.

कॉपेन्स बाई परत आल्या होत्या. माझ्या स्वयंपाकघरात दीड तास बसल्या. कॉफी एकच घेतली, म्हणाल्या, "आत्ताच तुमच्या बहिणीकडे दोन कप झाले. किती गोड आहेत हो त्या!"

"हो, सगळे म्हणतात," मी म्हटलं.

"मी त्यांना विचारलं, वडिलांनी रेषा असल्या अडचणीच्या जागी का ओढली असेल? म्हणाल्या, म्हाताऱ्याची लहर."

मी कपाची बशी पुसत बसले. तू 'लहर' म्हणालीस तर. बरं.

मग बाईंनी फॉर्म पुढे केला, स्थानिक धोक्यांचा. नकाशावर दिसत नाहीत अशा गोष्टी गावातल्या माणसाने लिहायच्या आणि खाली सही करायची. बर्फ, ओल, खड्डे, वारा, जनावरं. जनावरांपुढे मी लिहिलं, शेजाऱ्याचा कुत्रा, बांधून ठेवू. बाकी सगळीकडे 'काही नाही.' बाई म्हणाल्या, सगळ्या गावांनी इतक्या नेटकेपणाने फॉर्म भरले तर आमचं काम किती सोपं होईल. ऐकून बरं वाटलं. माझं कौतुक कुणी केल्याला फार दिवस झालेत.

अडचण एकच निघाली. विजेत्यांचं व्यासपीठ, फोटोवाल्यांची गाडी आणि रुग्णवाहिका यांना रस्त्यालगत जागा हवी होती, आणि तिथे आमची पॉपलरची रांग. अठरा झाडं. मी लगेच म्हटलं, तोडतो.

विल्फ्रीड तीन दिवस माझ्याशी धड बोलला नाही. चौथ्या दिवशी जेवताना म्हणाला, "माझ्या बापाने ती झाडं शोभेला नव्हती लावली."

"मग कशाला लावली होती?"

"तुला माहीत आहे."

"म्हातारी झाली होती ती झाडं."

"म्हातारा मीपण झालोय. मलाही तोडतेस का?"

मी त्याच्या ताटात आणखी एक बटाटा वाढला. सोमवारी करवतवाले आले आणि दुपारपर्यंत रांग आडवी झाली. आता स्वयंपाकघरातून थेट क्षितिजापर्यंत दिसतं. धुणंही चटकन वाळतं, चादरी तासाभरात कडक होतात. मात्र चिमटे दुप्पट लावावे लागतात.

आर्लेट

लिंडेझेले, ११ एप्रिल

रोझीन,

तीन दिवस राहिले. काल नवे कठडे आले, उतरत्या बुडाचे, पाय अजिबात बाहेर न येणारे. हँडल अडकायला कुठे फट नाही. बाईंनी प्रत्येक जोडावर हात फिरवून पाहिला. टीव्हीवाल्यांची शिडी माझ्या बटाट्यांच्या गोदामाला टेकून उभी आहे. ओमेरला मी सांगून टाकलंय की यंदा दुभाजकावर दुसरं माणूस बघ, मी व्यासपीठावर फुलं देणार आहे. निळा कोट घेतलाय नवा. तू विचारणार नाहीस, म्हणून मीच सांगते, मला तो शोभतो.

यंदा तुझ्या कॅफेत नेहमीसारखी गर्दी होणार नाही, असं ऐकलं. टेबलं कमी मागवलीस म्हणे. मला वाईट वाटलं असं लिहिलं तर ते खोटं होईल.

रविवारी वायव्येचा वारा सांगितलाय. हवामानवाल्यांचं काय मनावर घ्यायचं.

तुला कुणाशी काही बोलायचं असेल तर अजून वेळ आहे. म्हणजे मी काही घाबरत नाही. तू अजून का बोलली नाहीस, एवढंच मनात येतं.

आर्लेट

लिंडेझेले, १६ एप्रिल

रोझीन,

काल दवाखान्यात तू पलंगाच्या त्या बाजूला होतीस, मी या बाजूला, आणि मध्ये ती पोर. दोघींनी एक शब्द काढला नाही. आज मात्र मला सगळं लिहून काढायचं आहे. तू घरी टीव्हीवर पाहिलं असशील, पण मी वीस पावलांवर उभी होते.

रविवारी दुपारी आधी बायकांची शर्यत होती. माझा आयुष्यातला पहिला शेवट. आठ जणी एकदम वळणावरून आल्या, मग त्यांच्या मागे अख्खी झुंड. आवाज काय असतो गं तो! टायरांची घरघर, आणि पोरींचं ओरडणं. मी फुलं घट्ट धरून पुढे झुकले. शेवटच्या घराची भिंत संपते आणि आमचं शेत उघडं पडतं, तिथे त्या पोचल्या, आणि वारा आला. कुणीतरी दार ढकलावं तसा. पहिल्या दोघी कशाबशा सावरल्या. तिसरी उचलल्यासारखी आडवी गेली, एकीच्या चाकात शिरली आणि कठड्यावर आदळली. कठडा हलला नाही, उलटला नाही, नियमात लिहिलंय तसाच वागला. पण ताशी साठच्या वेगाने आदळणाऱ्या माणसाला कठडा तरी काय करणार? तिचा एक बूट पॅडलमध्ये तसाच अडकून राहिला होता. माझ्या डोळ्यांपुढून तो बूट हलत नाही.

कॉपेन्स बाई धावत आल्या. पोरीचं डोकं हातांत धरून त्यांनी वर माझ्याकडे बघितलं. "एवढा वारा आला कुठून?"

"एप्रिल आहे," मी म्हटलं.

रोझीन, मी हेच म्हटलं. त्या क्षणालाही.

पुढचं तुला माहीत आहे. पुरुषांच्या शर्यतीतल्या खेळाडूंनी सांगून टाकलं, आम्ही इथे वेगाने येणार नाही. निकालासाठी वेळ रेषेच्या तीन किलोमीटर आधीच धरली गेली, आणि ते माझ्या दारावरून गप्पा मारत, हळूहळू, वरातीसारखे निघून गेले. एकानेही जिंकल्याचा हात वर केला नाही. फुलं मी व्यासपीठावरच ठेवून आले.

फेने तिचं नाव. वीस वर्षांची. ओटीपोटाचं हाड आणि गळपट्टीचं हाड मोडलंय. पण त्याहून वाईट वेगळंच आहे. पंचांनी निकालात लिहिलं की तिने स्वतःहून आपली वाट सोडली आणि दुसरीला पाडलं. दोष तिचा. तिचा करार यंदाच्या मोसमापुरताच आहे. संघाचा माणूस दवाखान्याच्या बोळात फोनवर बोलताना मी ऐकला. म्हणत होता, बेशिस्त सायकल चालवणारीला आम्ही पुढे ठेवू शकत नाही. ती पोर बेशिस्त नव्हती.

मी तिला सूप घेऊन गेले तर तुझं सूप आधीच संपवून बसली होती. तू निघालीस तेव्हा तिने विचारलं, "काकू, उद्या याल ना?" मग माझी आठवण येऊन म्हणाली, "तुम्हीपण या." तिथेसुद्धा मला पोटात दुखलं. हाडं मोडलेल्या पोरीच्या पलंगाशी बसून मला तुझा हेवा वाटला. मी कशी बाई आहे हे तुला कळावं म्हणून लिहितेय.

आता ते दुसरं. बाबांनी ही शर्यत पहिल्यांदा भरवली तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि तू सोळा. मार्ग बघायला ते मला बरोबर घेऊन गेले होते. पवनचक्की रस्त्यावर थांबले, खिशातून रुमाल काढला आणि हात वर केला. झाडांच्या आडोशाला रुमाल लोंबत राहिला. मग ते रांगेच्या टोकापलीकडे दहा पावलं गेले, आणि रुमाल हातातून उडून खंदकात पडला. "आर्लेट," ते म्हणाले, "जुन्या लोकांनी इथे पवनचक्की उगाच नव्हती बांधली. रेषा इथे कधीच नको. आज झाडं आहेत. उद्या कुणी तोडली तर? गावात दोन्ही बाजूंना घरं आहेत, वळणावर पोरं वेग सोडतात. तिथे पडली तर खरचटतील." म्हणून रेषा तुझ्या दारात. लाडाचा काही संबंध नव्हता. हे मला एकेचाळीस वर्षं ठाऊक होतं. ठाऊक नाही असं मी ठरवून टाकलं होतं, कारण त्याशिवाय मला तुझ्यावर रागावता येत नव्हतं.

बाईंच्या नियमाची चूक नाही. तुझं वळणही आजच्या वेगाला धोक्याचंच होतं. नियमाला फक्त खरी माहिती हवी होती, आणि त्या चौकटीत 'काही नाही' मी लिहिलं.

रुमालाची गोष्ट मी त्याच संध्याकाळी आपल्या खोलीत तुला सांगितली होती. तू केस विंचरत होतीस. म्हणजे तुलाही ठाऊक होतं. दोघी मूग गिळून बसलो.

मी कॉपेन्स बाईंना लिहून देणार आहे. आधी हे तुला.

आर्लेट

लिंडेझेले, २६ एप्रिल

रोझीन,

आज नगर कार्यालयात चौकशी झाली. तुला बोलावलं नव्हतं, म्हणून काय झालं ते माझ्याकडून ऐक.

माझा कबुलीचा कागद तयार होता. नऊ दिवस माझ्या पिशवीत होता. रोज पेटीपर्यंत जायचे आणि पाव घेऊन परत यायचे. कारणं काय, एकापेक्षा एक. ओमेरचं मंडळ बुडेल. विल्फ्रीडला गावात तोंड दाखवता येणार नाही. आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे रेषा माझ्या दारात येऊन एकच रविवार झाला होता. एकच.

खोलीत कॉपेन्स बाई, पंचांपैकी दोघं, ओमेर आणि फेनेच्या संघाचा तो माणूस होता. बाईंनी एक कागद काढला आणि म्हणाल्या, "हे निवेदन आमच्याकडे पंधरा एप्रिलला सकाळी आलं." तुझं अक्षर मी टेबलापलीकडून ओळखलं. पंधराला सकाळी! म्हणजे दवाखान्यात माझ्यासमोर सूप घेऊन बसलीस तेव्हा तू ते देऊन आली होतीस.

बाईंनी ते सगळ्यांसमोर वाचलं. 'पवनचक्की रस्त्यावरचा वारा मला ठाऊक होता. वडिलांनी तिथे रेषा नको म्हटलं होतं. तपासनीस बाईंनी विचारलं तेव्हा मी खोटं बोलले. बहिणीच्या दारातला शेवट फसावा आणि रेषा माझ्याकडे परत यावी, अशी माझी इच्छा होती. कुणी पडावं अशी नव्हती. वडील दर वर्षी मार्ग पाहायला तिला नेत. मला कधी नेलं नाही, मी ग्लास विसळत असे. बहिणीला दोष देऊ नये. इतक्या वर्षांपूर्वीचं तिच्या लक्षात राहिलं नसेल.'

ऐकताना मला काय वाटलं सांगू? आधी राग आला. कबूल करण्यातही तूच पहिली! मग त्या शेवटच्या ओळीचा त्याहून जास्त राग आला. मी तुझी बाहुली फोडली आणि तू आईला सांगितलं नाहीस, अगदी तसा. आणि ग्लासांचं तू कधी बोलली नाहीस, रोझीन. मी बाबांबरोबर चिखल तुडवत फिरायचे, आणि तू खिडकीतून बघायचीस, हे मला ठाऊकच नव्हतं. मला वाटायचं, तू आत उबेत मजेत आहेस.

संघाचा माणूस म्हणाला, "या बाईंची रेषा गेली, त्या असं म्हणणारच. इथे अधिकृत फॉर्मवर सही आहे. वारा, काही नाही."

पंचांनी मान डोलावली. "फॉर्म खरा असेल तर दोष मुलीचाच राहतो."

बाई माझ्याकडे वळल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "आर्लेट, तुम्हाला हे आठवत होतं का?"

ओमेर टेबलाखालून माझा पाय दाबत होता. तू माझ्यासाठी दार उघडंच ठेवलं होतंस. 'लक्षात नाही' एवढं म्हटलं असतं तर मी सुटले असते, तू तुझ्या कबुलीसह एकटी उरली असतीस, आणि ती पोर बेशिस्त ठरली असती.

"आठवत होतं," मी म्हटलं. "फॉर्म भरतानाही आठवत होतं. झाडं तोडतानाही. त्या मुलीने वाट सोडली नाही, तिला वाऱ्याने फेकलं, आणि वारा मी लपवला."

ओमेरने पाय काढून घेतला. संघाच्या माणसाने फोन उलटा ठेवला. पंच एकमेकांशी कुजबुजले आणि म्हणाले, दोन्ही कागद असतील तर मुलीवरचा ठपका काढावा लागेल. पुढच्या वर्षी लिंडेझेलेला शर्यत मिळणार नाही. आणि शर्यतीच्या कुठल्याही कामात तू नाहीस, मी नाही. झेंडासुद्धा नाही.

मी पिशवीतून माझा कागद काढला. बाईंनी वर-खाली पाहिला. "तारीख घालायची राहिलीय," असं म्हणून पेन पुढे केलं आणि त्या पंचांशी बोलायला वळल्या.

माझ्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. चौदा एप्रिल लिहावं असं मनात आलं. चौदा लिहिलं असतं तर कागदावर तरी मी तुझ्या एक दिवस आधी ठरले असते. एकदा तरी. पेन टेकलंसुद्धा होतं, गं.

मी सव्वीस लिहिलं, आणि कागद तुझ्या कागदाच्या खाली ठेवला.

आर्लेट